विलक्षण गोल

संस्थितिविज्ञानाच्या दृष्टीने नेहमीच्या गोलाशी तंतोतंत एकरूप, परंतु अवकलनाच्या दृष्टीने त्याहून भिन्न, अशा उच्च मितीच्या गोलांना विलक्षण गोल म्हणतात. अशा गोलाचे पहिले उदाहरण अमेरिकन गणितज्ञ जॉन विलर्ड मिल्नर (१९३१– ) यांनी १९५६ मध्ये सात मितींत दिले. अवकाशाचा आकार एकदा निश्चित झाला म्हणजे त्यावर अवकलन कसे करावयाचे हेही निश्चित होते, असा समज तोपर्यंत रूढ होता. तो कोणी सिद्ध केलेला नव्हता, पण त्याविषयी शंकाही फारशी घेतली जात नव्हती. मिल्नर यांच्या उदाहरणाने तो खोटा ठरला. पुढे असे दिसून आले की, विलक्षण गोल ही केवळ गोलांपुरती मर्यादित असलेली नवलाची गोष्ट नाही. पाच किंवा अधिक मितींच्या अवकाशावर अवकलनाच्या किती भिन्न व्यवस्था असू शकतात, किंबहुना मुळात एक तरी असू शकते किंवा नाही, हे बहुतांशी याच गोलांवर अवलंबून असते.

मॅनिफोल्ड व गुळगुळीत संरचना : पृथ्वीचा संपूर्ण पृष्ठभाग कोठेही न फाडता एकाच सपाट नकाशावर दाखविता येत नाही, परंतु त्याच्या लहान लहान भागांचे सपाट नकाशे करून त्यांच्या संग्रहाने त्याचे पूर्ण वर्णन करता येते. ज्या अवकाशाच्या प्रत्येक बिंदूभोवतालचा परिसर म सत् सहनिर्देशकांच्या साहाय्याने अशा नकाशावर आणता येतो त्याला म-मितीय मॅनिफोल्ड म्हणतात. दोन नकाशांत समाईक असलेल्या भागात एका नकाशाचे सहनिर्देशक दुसऱ्याच्या सहनिर्देशकांची फलने होतात. ही फलने केवळ संतत असतील, तर मॅनिफोल्डाला फक्त संस्थिती आहे असे म्हणतात. ती हवी तितक्या वेळा अवकलनीय असतील, तर त्या नकाशासंग्रहाने मॅनिफोल्डावर गुळगुळीत संरचना निश्चित होते. वेग, स्पर्शरेषा, वक्रता, अवकल समीकरण या सर्व कल्पनांना अशी संरचना असल्यावरच अर्थ प्राप्त होतो [→ अवकलन व समाकलन].

यावरून दोन मॅनिफोल्डांच्या एकरूपतेचे दोन प्रकार संभवतात. एकाच्या बिंदूंची दुसऱ्याच्या बिंदूंशी लावलेली एकास-एक संगती दोन्ही दिशांनी संतत असेल, तर ते संस्थितिदृष्ट्या एकरूप होत. ती दोन्ही दिशांनी अवकलनीयही असेल, तर ते अवकलदृष्ट्या एकरूप होत. घनाचे पृष्ठ व गोलाचे पृष्ठ पहिल्या अर्थाने एकच आहेत. घनाच्या कडा व कोपरे घासून गुळगुळीत केले, तर दुसऱ्या अर्थानेही ती एकच होतात. येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. नकाशे निराळे असणे एवढ्यानेच संरचना खऱ्या अर्थाने निराळी होत नाही. कारण एका संग्रहातील नकाशे योग्य संगतीने दुसऱ्या संग्रहातील नकाशांवर नेता आले, तर फरक केवळ नावाचा असतो. विलक्षणता म्हणजे अशी कोणतीही संगती अस्तित्वात नसणे. तीन मितींपर्यंत हा प्रश्न उद्‌भवत नाही. द्विमितीय पृष्ठांविषयी टिबॉर राडो (१९२५) व त्रिमितीय मॅनिफोल्डांविषयी एडविन मोईझ (१९५२) यांच्या कार्यातून असे निष्पन्न झाले की, त्यांवर गुळगुळीत संरचना असते व ती एकच असते. साहजिकच पुढील मितींतही तसेच असेल अशी अपेक्षा होती.

एका बिंदूत साठविलेला दोष : म-मितीय गोल म्हणजे (म + १) मितींच्या अवकाशातील एका बिंदूपासून एकक अंतरावर असणाऱ्या बिंदूंचा संच. पृथ्वीचा पृष्ठभाग हा या अर्थाने द्विमितीय गोल होय. आतील भागासह घेतलेल्या गोलाला या लेखात भरीव गोल म्हटले आहे. विषुववृत्तावर उत्तर व दक्षिण गोलार्ध सांधून जसा पृथ्वीगोल तयार होतो, तसेच म मितींचे दोन भरीव गोल त्यांच्या सीमांवर सांधल्यास म-मितीय गोल मिळतो. सांधताना एका सीमेचा कोणता बिंदू दुसरीच्या कोणत्या बिंदूशी जोडावयाचा हे ठरविणारी संगती नेहमीची सरळ न घेता वाकडी, पण अवकलनीय घेतली, तर काय होईल?

संस्थितिदृष्ट्या काहीच होत नाही. जेम्स अलेक्झांडर यांची यासंबंधीची युक्ती अत्यंत साधी आहे. सीमेवरील वाकडेपणा त्रिज्यांच्या दिशेने जसाच्या तसा आत नेत जावे. प्रत्येक लहान लहान होत जाणाऱ्या समकेंद्री गोलावर तोच वाकडेपणा राहतो आणि अखेर तो केंद्रबिंदूत संपतो. ही संगती सर्वत्र संतत आहे. केंद्रबिंदू सोडला, तर ती सर्वत्र अवकलनीयही आहे. केंद्राशी मात्र वाकडेपणाचा आकार शून्य झाला, तरी त्याचे स्वरूप बदललेले नसते आणि तेथे अवकलज अस्तित्वात राहत नाही. सर्व दोष एका बिंदूत गोळा झाला, पण नाहीसा झाला नाही. तो बिंदू काढून टाकला, तर उरलेला भाग नेहमीच्या म-मितीय अवकाशाशी अवकलदृष्ट्याही एकरूप असतो. म्हणजे विलक्षण गोलाचा कोणताही एक लहान भाग तपासून त्याची विलक्षणता कळत नाही. ती संपूर्ण गोलाच्या जुळणीत असते.

मिल्नर यांचे उदाहरण : मिल्नर विलक्षण गोलाच्या शोधात नव्हते. त्यांना हवे होते ते आठ-मितीय मॅनिफोल्डांचे वर्गीकरण. त्यांत एक सात-मितीय मॅनिफोल्ड असा निघाला की, तो गोल असावा असे एका बाजूने दिसत होते आणि नसावा असे दुसऱ्या बाजूने. प्रथम त्यांना वाटले की, आंरी प्वँकारे यांच्या अटकळीच्या व्यापक रूपाला सात मितींत अपवादच सापडला. तपासणीअंती तो मॅनिफोल्ड संस्थितिदृष्ट्या गोलच ठरला; अपवाद होता तो गुळगुळीतपणाच्या बाबतीत.

त्यांची रचना थोडक्यात अशी : चार-मितीय गोलाच्या प्रत्येक बिंदूवर एक चार-मितीय भरीव गोल उभा करावयाचा आणि पाया फिरून येताना या भरीव गोलांना क्वाटर्निऑन संख्यांच्या गुणाकाराच्या साहाय्याने पीळ द्यावयाचा. पीळ योग्य रीतीने निवडल्यास मिळणाऱ्या आठ-मितीय आकृतीची सीमा संस्थितिदृष्ट्या सात-मितीय गोल असते. अशा पिळांपैकी प्रत्येकाला क ही एक विषम संख्या लावता येते. आता समजा की, ही सीमा नेहमीच्या गोलाशी अवकलदृष्ट्याही एकरूप आहे. मग तिच्यावर नेहमीचा आठ-मितीय भरीव गोल झाकणासारखा बसवून सीमा नसलेला गुळगुळीत मॅनिफोल्ड तयार होईल. अशा मॅनिफोल्डाला ल्येव पाँत्र्यागिन यांच्या नावाने ओळखले जाणारे दोन पूर्णांक जोडलेले असतात. त्यांना येथे प व फ म्हणू. स्पर्शदिशा मॅनिफोल्डावर कशा पिळल्या जातात याचे ते मापन करतात. त्याखेरीज मॅनिफोल्डात चार-मितीय उपआकृती परस्परांना कशा छेदतात यावरून चिन्हांक स हा पूर्णांक मिळतो. जर्मन गणितज्ञ फ्रीड्रिख हिर्ट्सब्रुख यांच्या प्रमेयानुसार आठ मितींत या तीन संख्यांत पुढील संबंध असलाच पाहिजे :

४५ × स = ७ × फ − प

मिल्नर यांच्या आकृतीत स = १ आणि प = ४ × क × क असते. क = १ घेतल्यास प = ४ आणि फ = ७ येतो; मिळणारा मॅनिफोल्ड म्हणजे क्वाटर्निऑन प्रक्षेपीय प्रतल होय. परंतु क = ३ घेतल्यास प = ३६ व ७ × फ = ८१ असे समीकरण मिळते. ८१ ला ७ ने भागले असता बाकी ४ उरते. म्हणून फ पूर्णांक असू शकत नाही. ही विसंगती टाळण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे सीमेवरील गोल नेहमीचा नाही असे मानणे. सातने भाग जातो की नाही या शाळेतील प्रश्नावर येऊन ठेपणारी ही सिद्धता विसाव्या शतकातील गणितातील अत्यंत सुंदर युक्तिवादांपैकी एक आहे. मिल्नर यांना १९६२ मध्ये फील्ड्स पदक व २०११ मध्ये आबेल पारितोषिक मिळाले.

गोलांची संख्या : दोन गोलांतून एकेक लहान भरीव गोल कापून काढून उरलेले भाग कडांवर जोडले असता पुन्हा गोल मिळतो. या जोडणीला बेरीज मानल्यास एका मितीतील सर्व गुळगुळीत गोलांचा एक गट बनतो. नेहमीचा गोल हे त्यातील शून्य होय. स्टीव्हन स्मेल यांनी पाच व अधिक मितींत प्वँकारे अटकळ १९६१ मध्ये सिद्ध केल्यावर या गटाची गणना करण्याचा मार्ग खुला झाला आणि मिल्नर व मीशेल केर्व्हेअर (१९२७–२००७) यांनी १९६३ मध्ये ती गणना प्रसिद्ध केली. त्या निबंधाच्या शीर्षकात ‘भाग पहिला’ असे आहे. दुसरा भाग कधीच प्रसिद्ध झाला नाही. त्यांच्या पद्धतीने पाच व सहा मितींत १ (म्हणजे केवळ नेहमीचा), सातमध्ये २८, आठमध्ये २, नऊमध्ये ८, दहामध्ये ६, अकरामध्ये ९९२, बारामध्ये पुन्हा १, तेरामध्ये ३ आणि पंधरामध्ये १६,२५६ गोल मिळतात. प्रत्येक मितीत ही संख्या सांत असते. तिच्या चढउतारात वरवर काहीच शिस्त दिसत नाही. प्रत्यक्षात तिचा एक भाग बेर्नुली संख्यांवर व दुसरा गोलांच्या समस्थेय गटांवर अवलंबून असतो. हे दुसरे गट पूर्णपणे अद्याप कोणालाही काढता आलेले नाहीत. सात-मितीय गोलांपैकी २७ विलक्षण व एक नेहमीचा असल्याने ‘विलक्षण’ हे विशेषण प्रस्तुत लेखकाच्या मते काहीसे दिशाभूल करणारे आहे. अपवाद आहे तो नेहमीचा गोल.

हे गोल कृत्रिम जुळणीतूनच निर्माण होतात असेही नाही. एग्बर्ट ब्रीसकोर्न यांनी १९६६ मध्ये दाखविले की, पाच सदसत् चल घेऊन त्यांपैकी तिघांचे वर्ग, चौथ्याचा घन व पाचव्याचा (६ × ट − १) वा घात यांची बेरीज शून्य होते असे समीकरण मांडले आणि त्याच्या उकलींचा मूळबिंदूभोवतीच्या लहान गोलाशी छेद घेतला, तर ट ला १ ते २८ या किंमती दिल्यावर सर्व २८ सात-मितीय गोल मिळतात.

इतर मॅनिफोल्डांवरील परिणाम : कोणताही म-मितीय गुळगुळीत मॅनिफोल्ड घेऊन त्यातून एक लहान भरीव गोल कापला व त्याच्या जागी म-मितीय विलक्षण गोलाचा उरलेला भाग बसविला, तर मॅनिफोल्डाचा आकार संस्थितिदृष्ट्या जराही बदलत नाही. अलेक्झांडर यांची युक्ती येथेही लागू पडते. गुळगुळीत संरचना मात्र एका बिंदूपाशी बिघडते. हा बिघाड खरा की दिखाऊ, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न होय. काही मॅनिफोल्डांत विलक्षण गोलाचा दोष उर्वरित अवकाशात पसरवून जिरविता येतो व मूळ संरचना पुन्हा मिळते. काहींत तो कायम राहतो. ज्या गोलांचा दोष दिलेल्या मॅनिफोल्डात जिरतो त्यांचा एक उपगट बनतो. त्याला त्या मॅनिफोल्डाचा जडत्व गट म्हणतात.

आठ मितींत विलक्षण गोल एकच आहे. त्यामुळे तेथील तुलना विशेष उद्‌बोधक ठरते. चार सदसत् मितींचा प्रक्षेपीय अवकाश आठ सत् मितींचा असतो. त्याला हा गोल जोडला असता संरचना खरोखर बदलते, हे जपानी गणितज्ञ कावाकुबो यांच्या कार्यावरून कळते. उलट, वर आलेल्या क्वाटर्निऑन प्रक्षेपीय प्रतलाला, तेही आठ-मितीयच, तोच गोल जोडला असता काहीच फरक पडत नाही, असे लीनुस क्रेमर व श्टेफान श्टोल्त्स यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणावरून निष्पन्न होते. दोन गोलांच्या गुणाकाराने बनलेले मॅनिफोल्ड कोणताही विलक्षण गोल जिरवू शकत नाहीत (राइनहार्ड शुल्ट्स, १९७१). उच्च मितीच्या कंकणाकृतींचीही तीच स्थिती आहे. म्हणजे दोष एकच असला, तरी त्याचा परिणाम तो कोणत्या घरात शिरतो यावर ठरतो.

कमी मितींचे विलक्षण गोलही मोठ्या मॅनिफोल्डावर परिणाम घडवितात. सपाट बहुमितीय तुकडे सांधून बनविलेला मॅनिफोल्ड घ्या. तुकड्यांच्या आतील भागात अवकलनाची अडचण नसते. त्यांच्या कडांवर, कडांच्या कडांवर व अखेर शिरोबिंदूंवर गुळगुळीतपणा क्रमाने वाढवीत जावे लागते. अशा प्रत्येक कडेभोवतालचा आडवा छेद हा लहानसा गोल असतो. तो नेहमीचा निघाला, तर पोकळी भरून पुढे जाता येते; विलक्षण निघाला, तर वाट तेथेच अडते. पोकळी भरता आली, तरी ती किती प्रकारांनी भरता येते हे एक मिती अधिक असलेल्या गोलांच्या संख्येवर ठरते. सहा मितींपर्यंत विलक्षण गोल नसल्याने तुकड्यांनी बनलेल्या सात मितींपर्यंतच्या मॅनिफोल्डांना गुळगुळीत करता येते आणि सहा मितींपर्यंत ते एकाच प्रकारे करता येते.

अडथळा खरोखरच येतो याचे पहिले उदाहरण केर्व्हेअर यांनी १९६० मध्ये दहा मितींत दिले : ज्यावर एकही गुळगुळीत संरचना नाही असा हा मॅनिफोल्ड आहे. आठ मितींतील उदाहरण मिल्नर यांच्या गणितातूनच मिळते. क = ३ असता सीमेवरील विलक्षण गोलावर शंकूसारखे झाकण बसविले, तर संस्थितिदृष्ट्या निर्दोष मॅनिफोल्ड तयार होतो. सेर्गेई नोव्हिकॉव्ह यांनी १९६५ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयानुसार प ही संख्या संस्थितीनेच निश्चित होते; त्यामुळे या मॅनिफोल्डावर कोणतीही गुळगुळीत संरचना मानली, तरी ७ × फ = ८१ हीच अशक्य अट पुढे येते. केवळ संस्थिती दिलेल्या, तुकड्यांनी न बनलेल्या मॅनिफोल्डांचा प्रश्न रॉबियन कर्बी व लॉरेन्स सीबेनमान यांनी सोडविला (ग्रंथ १९७७). त्यात तिसऱ्या पायरीवर एक जादा अडथळा येतो; बाकी सर्व पायऱ्यांवर विलक्षण गोलांचेच गट असतात. हे गट सांत असल्याने पाच किंवा अधिक मितींच्या सीमाबद्ध, म्हणजे संहत, मॅनिफोल्डावर गुळगुळीत संरचनाही सांत संख्येनेच असू शकतात.

वक्रतेशी संबंध : संरचना बदलल्याने भूमितीत काय फरक पडतो, हे वक्रतेवरून कळते. नायजेल हिचिन यांनी १९७४ मध्ये दाखविले की, आठ नऊ-मितीय गोलांपैकी चार गोलांवर सर्वत्र धन अदिश वक्रता असणारे अंतरमापन अशक्य आहे. चार-मितीय व पाच-मितीय गोलांच्या गुणाकारावर धन वक्रता सहज देता येते. त्याला या चारांपैकी एक गोल एका बिंदूपाशी जोडला की, ती शक्यता संपूर्ण मॅनिफोल्डावरून नाहीशी होते. दुसऱ्या बाजूने, डेटलेफ ग्रोमोल व वोल्फगांग मायर यांनी १९७४ मध्येच एका सात-मितीय विलक्षण गोलावर कोठेही ऋण नसलेली वक्रता देऊन दाखविली. सर्व दिशांनी वक्रता धन असून कोणत्याही बिंदूपाशी तिची लघुतम किंमत महत्तम किंमतीच्या चतुर्थांशाहून अधिक असेल आणि मॅनिफोल्ड एकसंबद्ध व संहत असेल, तर मात्र तो अवकलदृष्ट्याही नेहमीचाच गोल असतो. पूर्वी हे केवळ संस्थितीपुरते सिद्ध झाले होते. गुळगुळीतपणासह त्याची सिद्धता सिमॉन ब्रेंडल व रिचर्ड शोएन यांनी २००७ मध्ये दिली. ऋण वक्रतेच्या बाबतीत टॉमस फॅरेल व लोवेल जोन्स यांचा १९८९ मधील निष्कर्ष अनपेक्षित होता. स्थिर ऋण वक्रतेच्या काही संहत मॅनिफोल्डांना विलक्षण गोल जोडला असता संरचना बदलते. नव्या मॅनिफोल्डावर स्थिर ऋण वक्रता असूच शकत नाही. कारण तशी असती, तर मॉस्टो यांच्या प्रमेयाने तो मूळ मॅनिफोल्डच ठरला असता. तरीही स्थिर वक्रतेच्या हवी तितकी निकट असणारी वक्रता त्यावर देता येते.

चार मिती व उरलेले प्रश्न : वरील सर्व विवेचन पाच व अधिक मितींचे आहे. चार मितींत त्याची साधने निरुपयोगी ठरतात. नेहमीच्या म-मितीय सपाट अवकाशावर चार सोडून प्रत्येक मितीत गुळगुळीत संरचना एकच असते. चार मितींत मात्र मायकेल फ्रीडमन व सायमन डोनाल्डसन यांच्या १९८२–८३ च्या कार्यानंतर भिन्न संरचना आढळल्या, आणि त्या अगणनीय आहेत असे क्लिफर्ड टाउब्स यांनी १९८७ मध्ये सिद्ध केले. संहत चार-मितीय मॅनिफोल्डांवरही अनंत संरचना असू शकतात. येथील विलक्षणता गोल जोडून आलेली नसते, कारण चार-मितीय विलक्षण गोल एक तरी आहे किंवा नाही हेच ठाऊक नाही. विषम मितींपुरता उच्च मितींतील प्रश्न सुटला आहे : ग्वोजेन वांग व जोउली शू यांच्या २०१७ मधील निबंधानुसार ज्या विषम मितींत नेहमीच्या गोलाखेरीज दुसरा गुळगुळीत गोल नाही अशा मिती १, ३, ५ व ६१ एवढ्याच आहेत. सम मितींची अशी पूर्ण यादी अद्याप सिद्ध झालेली नाही. चारहून मोठ्या सम मितींपैकी ६, १२ व ५६ या तीन मितींत दुसरा गोल नाही हे ज्ञात आहे.